बंदूक घरात, किल्ली कोणाकडे?

१ ऑक्टोबर २०२४. पहाटेचे पावणेपाच वाजत आले होते. अभिनेते गोविंदा कोलकात्याला निघायच्या तयारीत होते. जुहूच्या घरी परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना ते हातातून निसटलं, जमिनीवर आपटलं आणि सुटलेली गोळी त्यांच्याच पायात शिरली. रुग्णालयात गोळी काढली गेली, काही दिवसांत ते घरी परतले. दोन दिवस वाहिन्यांना विषय मिळाला आणि मग सगळे विसरले.

या बातमीत चोर नव्हता, खंडणीखोर नव्हता, कोणी दुश्मनही नव्हता. शस्त्र जागेवर ठेवताना उडालं, आणि लागलं ते ज्याच्या रक्षणासाठी घेतलं होतं त्यालाच. परवाना कसा मिळतो, त्यासाठी किती खेटे घालावे लागतात, कोणाची ओळख कामी येते, यावर आपल्याकडे तासन्‌तास बोललं जातं. परवाना मिळून बंदूक घरी आली की ती ठेवायची कुठे, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. घरातल्या सगळ्यांचा जीव खरं तर या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतो.

पडल्यावर रिव्हॉल्व्हर उडतं कसं, हे आधी समजून घेऊ. जुन्या बांधणीच्या अनेक रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा खाली असला की त्याचं टोक समोरच्या काडतुसाच्या बुडाला जवळजवळ टेकलेलं असतं. शस्त्र घोड्यावर आपटलं तर तो धक्का थेट काडतुसाला बसतो. म्हणून जुने जाणकार घोड्यासमोरचं घर रिकामं ठेवायचे, सहाच्या जागी पाचच गोळ्या भरायचे. नव्या बांधणीत घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये अडसर असतो, पण तो झिजलेला किंवा तुटलेला असेल तर त्याचा उपयोग नाही. पिस्तुलाचा धोका निराळा. मॅगझिन काढलं की पिस्तूल रिकामं झालं, असं पुष्कळांना वाटतं. पण एक गोळी नळीच्या मागच्या टोकाशी, चेंबरमध्ये, बसलेली असू शकते आणि मॅगझिन हातात असतानाही चाप ओढला की ती सुटू शकते. पिस्तूल साफ करताना झालेले बरेच अपघात या एका गोळीचे असतात.

कागदावरचं शस्त्र

भारतात शस्त्र बाळगणं हा हक्क नाही, ती सरकारने दिलेली परवानगी आहे. १९५९चा शस्त्र अधिनियम आणि २०१६चे शस्त्र नियम हा तिचा पाया. आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलीस आयुक्त आणि इतरत्र जिल्हा दंडाधिकारी परवाना देतात. वय किमान २१ लागतं. २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली. लग्नाच्या वरातीत किंवा मिरवणुकीत हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अशी तरतूदही त्याच वेळी झाली. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०१६ अखेरच्या आकडेवारीत देशात सुमारे ३३ लाख ६९ हजार परवाने होते. त्यातले पावणेतेरा लाखांहून अधिक एकट्या उत्तर प्रदेशात, तर महाराष्ट्रात सुमारे ८४ हजार.

अर्जदाराचं चारित्र्य, त्याच्यावरचे गुन्हे, जिवाला असलेला धोका, उत्पन्न, व्यवसाय या सगळ्यांची चौकशी होते. पोलीस ठाण्यापासून वरिष्ठांपर्यंत अहवाल जातात. एका वेळी किती काडतुसं जवळ ठेवायची आणि वर्षाला किती विकत घ्यायची, हेही परवान्यावर लिहिलेलं असतं. शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमीही अर्जदाराकडून घेतली जाते. पण ती हमी कागदावर राहते. कपाट कसलं, ते भिंतीला ठोकलंय का, किल्ली कोणाकडे, घरात लहान मुलं किती, हे घरी येऊन बघण्याची पद्धत आपल्याकडे रुळलेली नाही. सरकार माणूस तपासतं, पण त्याचं घर बघत नाही.

आणि परवाना एकाच्या नावावर असला तरी शस्त्र सगळ्या घरात वावरतं. बायको, मुलं, नातवंडं, घरकामाला येणाऱ्या बाई, ड्रायव्हर, सुट्टीत आलेली भाचरं यांच्यापैकी कोणाचीही चौकशी झालेली नसते. कोणी प्रशिक्षण घेतलेलं नसतं. मात्र शस्त्र कुठे आहे, हे बहुतेकांना ठाऊक असतं.

ठासणीतला बार

शहरात शस्त्र म्हणजे .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल. कोकणात आणि गोव्यात मात्र बंदूक पिकाच्या राखणीसाठी असते. रानडुकरं एका रात्रीत भाताचा कोपरा उलथून टाकतात, वानर नारळ-आंब्यांचा फडशा पाडतात, काही भागांत गवे शिरतात. म्हणून शेतीसंरक्षणाचे परवाने आहेत आणि त्यावर पिढीजात ठासणीच्या बंदुका आहेत.

कुडाळच्या बाजूच्या एका घरी अशी बंदूक मी जवळून पाहिली. माजघराच्या भिंतीत ठोकलेल्या दोन खुंट्यांवर ती आडवी टांगलेली होती. दस्ता हात लागून लागून गुळगुळीत झालेला, एका जागी तारेने आवळलेला. खाली फळीवर पत्र्याच्या डब्यात बारूद आणि जुन्या चंचीत छर्रे. घरातल्या आजोबांनी ती कशी भरतात ते नुसत्या हातांनी करून दाखवलं. आधी नळीत बारूद ओतायची, त्यावर नारळाच्या सोडणाचा बोळा दाबायचा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि गजाने सगळं ठासायचं. शेवटी घोड्याखाली टोपी बसवायची.

खरी अडचण त्यापुढची. एकदा भरलेली ठासणीची बंदूक सहज रिकामी होत नाही. काडतुसाची बंदूक मोडून काडतूस काढून घेता येतं. इथे बार बाहेर काढायचा तर तो उडवायचा, नाहीतर नळीतून सगळं उकरून काढायचं. रात्रभर मांगरात राखण केली आणि डुक्कर आलंच नाही, तर पहाटे माणूस भरलेली बंदूक घेऊन घरी येतो. टोपी काढून ठेवली तरी बार नळीतच असतो. तीच बंदूक मग खुंटीवर जाते, जिच्याखालून पोरं दिवसभर धावत असतात. आपल्या घरी बंदूक भरलेली आत आणायची नाही, असा आजोबांचा शिरस्ता होता. बार वाया गेला तरी चालेल, पण तो बांधावरच उडवून मग घरात यायचं. बारुदीला पैसे पडतात, तरी त्यांनी हा नियम मोडला नाही. या लेखासाठी मी ज्यांच्याशी बोललो त्यांच्यात मला सगळ्यात शहाणी वाटलेली गोष्ट हीच.

निवडणूक आली की या बंदुका पोलीस ठाण्यात जातात. आचारसंहितेच्या काळात शस्त्रं जमा करून घेण्याची पद्धत जुनी आहे. गोव्यातल्या एका प्रकरणात २००९ साली मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं की सरसकट सगळ्यांची शस्त्रं जमा करणं योग्य नाही. छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा विचार करावा. तरीही विधानसभेची निवडणूक भातकापणीच्या दिवसांत आली की कोकणातला शेतकरी चिडतो. त्याचं म्हणणं खरं आहे. पण या व्यवस्थेत एक चांगली गोष्ट दडलेली आहे आणि तिच्याकडे आपण कधी नीट बघितलं नाही. शस्त्र काही दिवसांसाठी घराबाहेर ठेवता येतं, त्याची पावती मिळते आणि नंतर ते परतही मिळतं. निवडणुकीच्या धामधुमीत जे जमतं, ते घरातल्या वाईट दिवसांतही जमू शकतं.

किल्ली कोणाच्या हातात

८ फेब्रुवारी २०२४ला दहिसरमध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर मॉरिस नोरोन्हाने गोळ्या झाडल्या आणि नंतर स्वतःचा जीव घेतला. फेसबुकवर थेट प्रक्षेपण चालू होतं, त्यामुळे महाराष्ट्र हादरला. पोलीस तपासात पुढे आलेल्या माहितीनुसार ते पिस्तूल नोरोन्हाचं नव्हतं. ते त्याच्या अंगरक्षकाचं, उत्तर प्रदेशातून परवाना काढलेलं होतं आणि मालकाच्या कार्यालयातल्या लॉकरमध्ये ठेवलं जात होतं. पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. न्यायालयात जे सिद्ध व्हायचं ते होईल. पण परवाना एकाचा आणि लॉकर दुसऱ्याचा असला की परवान्याला काही अर्थ उरत नाही, हे समजायला निकालाची वाट बघावी लागत नाही.

हे फक्त कार्यालयात घडत नाही. मध्यमवर्गीय मराठी घरात शस्त्राची ठरलेली जागा म्हणजे लोखंडी कपाटातला आतला खण. तिथेच दागिने, मुदत ठेवींच्या पावत्या, सात-बाराचे उतारे आणि रोकड. किल्ली साड्यांच्या घडीत, नाहीतर देवघरातल्या डबीत. घरातल्या शेंबड्या पोरालाही ती जागा ठाऊक असते. आणि घर फोडणारा पहिला हात त्याच खणात घालतो. म्हणजे चोरासाठी आणलेलं शस्त्र चोराच्याच हाती आयतं पडतं. अमेरिकेच्या शस्त्रनियंत्रण खात्याच्या माहितीनुसार २०१७ ते २०२१ या पाच वर्षांत तिथे दहा लाखांच्या आसपास बंदुका खासगी मालकांकडून चोरीला गेल्या. ज्या बंदुकीने घर राखायचं, तीच घरातून चोरीला जाते आणि पुढे दुसऱ्या कुणाच्या दारात उभी राहते.

घरातलीच माणसं

२२ एप्रिल २००६ची सकाळ महाराष्ट्र विसरलेला नाही. वरळीच्या घरी प्रमोद महाजन यांच्यावर सख्ख्या धाकट्या भावाने, प्रवीण महाजन यांनी, गोळ्या झाडल्या. शस्त्र परवान्याचं, .३२ बोअरचं पिस्तूल. ३ मे रोजी प्रमोद महाजन गेले. पुढे प्रवीण महाजन यांना जन्मठेप झाली आणि २०१०मध्ये तेही वारले. देशाच्या राजकारणात वरच्या जागी असलेल्या माणसाला धोका बाहेरून येईल, असंच सगळे धरून चालले होते.

जुलै २०२३मध्ये पुण्यात बाणेरला सुट्टीवर घरी आलेल्या एका सहायक पोलीस आयुक्तांनी पत्नी आणि पुतण्या यांना गोळ्या घातल्या आणि स्वतःचंही आयुष्य संपवलं. शस्त्र हाताळण्याचं याहून पक्कं प्रशिक्षण कोणाला मिळतं? प्रशिक्षणाने नेम सुधारतो, रागावर ताबा येतो असं नाही. घरात शस्त्र हाताशी असतं तेव्हा राग आणि परिणाम यांच्यामधलं अंतर फार थोडं उरतं. हात उगारला, दार आपटलं, रात्रभर कोणी बोललं नाही, एवढ्यावरच कितीतरी भांडणं मिटतात. गोळी सुटल्यावर मिटवायला काही उरत नाही.

अमेरिकेत आर्थर केलरमन आणि सहकाऱ्यांनी १९९३मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, घरात बंदूक असेल तर त्या घरात खून होण्याची शक्यता सुमारे पावणेतीन पट आढळली होती, आणि त्यात घरच्या किंवा ओळखीच्या माणसाच्या हातून झालेले खून ठळक होते. त्या अभ्यासाच्या पद्धतीवर कडाडून टीका झाली. वाद इतका पेटला की १९९६मध्ये तिथल्या संसदेने आरोग्य खात्याच्या अशा संशोधनाचा निधीच जवळपास आटवला, आणि तो पुन्हा सुरू व्हायला २०१९ अखेर उजाडलं. आकड्यावर मतभेद असू द्यात. धोका आतल्या माणसांतही असतो, हे आपल्याला आपल्याच वर्तमानपत्रांनी कितीदा दाखवलं आहे.

टिकल्यांचं पिस्तूल

दसऱ्याला आपल्याकडे शस्त्रपूजन होतं. वर्षभर कपाटात असलेलं शस्त्र त्या दिवशी पाटावर येतं, हळदकुंकू वाहिलं जातं, झेंडूचं फूल ठेवलं जातं आणि पोरं भोवती गोळा होतात. तीन आठवड्यांत दिवाळी. साफसफाईत कपाटं रिकामी होतात, माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात, आतेभावंडं-मामेभावंडं जमतात आणि प्रत्येकाच्या हातात टिकल्यांचं पिस्तूल असतं. त्या आठवड्यात मूल दिवसातून शंभरदा चाप ओढतं, कोणावर तरी रोखतं, मोठी माणसं हसून मेल्याचं नाटक करतात. त्याच घरात खरं शस्त्र कुलपाविना असेल, तर मुलाने फरक कसा करायचा?

मूल फरक करत नाही, हे तपासून पाहिलेलं आहे. २००१मध्ये अटलांटातल्या डॉक्टरांनी आठ ते बारा वर्षांच्या मुलग्यांचे २९ गट एका खोलीत सोडले. तिथल्या खणात खरं पण निकामी केलेलं पिस्तूल ठेवलं होतं. २१ गटांना ते सापडलं, १६ गटांनी हाताळलं आणि १० गटांत चाप ओढला गेला. ज्यांना पिस्तूल सापडलं त्यांच्यापैकी जवळपास निम्म्यांना ते खेळणं वाटलं किंवा खात्री नव्हती. आणि ज्यांनी ते हाताळलं त्यांतल्या बहुतेकांना बंदुकीपासून सावध कसं राहायचं, हे आधी काही ना काही शिकवलेलं होतं. आमच्या मुलांना सांगून ठेवलंय, ती हात लावत नाहीत, असं सांगणाऱ्या प्रत्येक आईबापाने हे वाचावं.

जर्मनीतल्या विनेंडेन गावाची गोष्ट तर अंगावर येते. ११ मार्च २००९ला सतरा वर्षांच्या मुलाने आपल्या जुन्या शाळेत आणि बाहेर पंधरा जणांचा जीव घेतला. वडील नेमबाजीच्या क्लबचे सदस्य होते. घरात परवान्याची पंधरा शस्त्रं होती. चौदा शस्त्रं कुलपात होती आणि एक पिस्तूल झोपायच्या खोलीतल्या कपाटात, कुलपाविना. मुलाने तेच नेलं. न्यायालयाने वडिलांना निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरवलं. त्याच वर्षी जर्मनीने कायदा बदलला आणि कसला संशय नसतानाही परवानाधारकाच्या घरी जाऊन शस्त्र कसं ठेवलंय हे तपासण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना दिला. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये ऑक्सफर्ड शाळेत ३० नोव्हेंबर २०२१ला चार विद्यार्थी मारले गेले. त्या प्रकरणात २०२४मध्ये हल्लेखोर मुलाच्या आईवडिलांना, दोघांनाही, सदोष मनुष्यवधासाठी दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली.

अमेरिकेत मुलं वाढवणाऱ्या मराठी घरांना हा प्रश्न रोजचा आहे. मूल शाळेतल्या मित्राकडे खेळायला निघालं की पोहता येतं का, शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, हे विचारतात. तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की त्याच दमात आणखी एक प्रश्न विचारा: तुमच्या घरी कुलपाविना बंदूक आहे का? आपल्या मनाला तो प्रश्न उद्धट वाटतो. पण पाहुण्याच्या घरी कुत्रा बांधलाय का, असं आपण दारातूनच ओरडून विचारतो. त्यात कोणी वाईट वाटून घेत नाही.

वाईट दिवस

शस्त्राचा सर्वांत मोठा धोका चोराशी किंवा भांडणाशी जोडलेला नाही, तो निराशेशी जोडलेला आहे. अमेरिकेत २०२३मध्ये बंदुकीने सुमारे ४६ हजार ७०० माणसं गेली. त्यातली २७ हजारांहून अधिक स्वतःच्या हाताने गेली.

पण यातून बाहेर पडण्याचा रस्ताही दिसलेला आहे. इस्रायलच्या सैन्यात तरुण सैनिक आठवड्याच्या सुट्टीला घरी जाताना शस्त्र बरोबर नेत असत. २००६मध्ये ते तळावरच ठेवून जाण्याचा नियम झाला आणि आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी उतरल्या. स्वित्झर्लंडमध्ये २००३-०४च्या सुधारणेत सैन्य निम्म्यावर आलं, तेवढ्या घरांतून लष्करी बंदुका गेल्या आणि त्या वयोगटातल्या पुरुषांच्या आत्महत्या घटल्या. बहुतेकांनी दुसरा मार्ग शोधला नाही. वाईट क्षण येतो तसा जातोही, आणि तेवढा वेळ शस्त्र हाताशी नसेल तर माणूस वाचतो. अमेरिकेत २००५मध्ये झालेल्या एका अभ्यासात बंदूक कुलपात, बंदूक रिकामी, काडतुसं वेगळी आणि काडतुसंही कुलपात, या चारही सवयींचा संबंध मुलांचे अपघात आणि आत्महत्या कमी होण्याशी दिसून आला.

म्हणून नोकरी गेली, घरात मृत्यू झाला, मोठं आजारपण आलं, कर्ज अंगावर आलं, दारू वाढली, घटस्फोटाची बोलणी सुरू झाली, तर त्या दिवसांत शस्त्र घरात असू नये. परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात ते ठेवावं आणि पावती घ्यावी. घरातल्या कोणाला ही भीती वाटत असेल तर त्याने तोंड उघडून ती सांगावी. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं.

मग चोर आला तर?

हा प्रश्न टाळता येणार नाही. गावापासून दूर शेतातल्या वस्तीवर राहणारं कुटुंब, रात्री दोन वाजता दारावर पडणाऱ्या लाथा, जवळ म्हातारी आई आणि लहान पोरं. हे भय खोटं नाही. मराठवाड्यात आणि नगर-नाशिककडे वस्त्यांवरच्या दरोड्यांच्या कहाण्या ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना ते सांगायला नको. अशा माणसाला बंदूक रिकामी करून कुलपात ठेवायला सांगणं म्हणजे ती नसल्यासारखीच करणं, असा त्याचा आक्षेप असतो.

अमेरिकेत हाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. वॉशिंग्टन शहराचा नियम होता की घरातली बंदूक सुटी करून किंवा चापाला कुलूप लावूनच ठेवायची. २००८मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी तो रद्द झाला. घरात स्वसंरक्षणासाठी शस्त्र चटकन वापरता आलं पाहिजे, असं बहुमताचं म्हणणं होतं. आपल्याकडेही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा अधिकार आहे आणि सूर्यास्तानंतर घर फोडून आत शिरणाऱ्याविरुद्ध तो प्राण घेण्यापर्यंत जाऊ शकतो. पण गरजेपेक्षा अधिक इजा करायची नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा अधिकार उरत नाही, अशा मर्यादा त्याच कायद्यात आहेत. पळून जाणाऱ्या चोराच्या पाठीवर झाडलेली गोळी न्यायालयात स्वसंरक्षण ठरवणं कठीण.

या आक्षेपाला उत्तर आहे, आणि ते उशीखाली ठेवलेल्या पिस्तुलात नाही. भिंतीत किंवा जमिनीत बोल्टने पक्की केलेली, आकडे दाबून उघडणारी छोटी पोलादी पेटी काही सेकंदांत उघडते. ज्याला खरोखर धोका आहे, त्याला तेवढे सेकंद दाराची मजबुती, कुत्रा आणि अंगणातला दिवा मिळवून देतात. बोटाच्या ठशावर उघडणाऱ्या पेट्यांवर मात्र डोळे झाकून विसंबू नये. ऑक्टोबर २०२३मध्ये अमेरिकेत अशा सुमारे ६१ हजार पेट्या परत मागवाव्या लागल्या, कारण मालकाचा ठसा नीट नोंदलेला नसेल तर त्या कोणाच्याही बोटाने उघडत होत्या. एकट्या वस्तीचं खरं रक्षण शेजाऱ्यांनी होतं. ११२ला फोन, आणि नगर, नाशिक, पुणे पट्ट्यात चालू असलेली ग्रामसुरक्षा यंत्रणा, जिच्यात एका फोनवर आख्ख्या गावाचे मोबाइल वाजतात. काठ्या घेऊन धावत येणाऱ्या वीस माणसांसमोर दरोडेखोर उभे राहत नाहीत.

कुठे ठेवावी

तर घरात शस्त्र ठेवायचंच असेल तर ते रिकामं ठेवावं. पिस्तुलाचं मॅगझिन आधी काढावं, मग स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी बघावं आणि बोटानेही चाचपावं. रिव्हॉल्व्हर उघडून सहाही घरं मोजावीत. हे करताना नळी कायम अशा दिशेला असावी जिथे कोणी नाही, आणि बोट चापाबाहेर. काडतुसं वेगळ्या जागी, वेगळ्या कुलपात. दागिन्यांच्या खणात नको, कपाटावर नको, गादीखाली नको, गाडीच्या डॅशबोर्डमध्ये नको, पर्समध्ये तर नकोच. पेटी पक्की ठोकलेली असावी, नाहीतर चोर पेटीसकट उचलतो. कोकणात, गोव्यात चामड्याच्या म्यानात शस्त्र ठेवू नये. चामडं ओल धरतं आणि नळी गंजते. किल्ली परवानाधारकाच्या अंगावर राहावी. आकडे असतील तर ते मुलीचा वाढदिवस किंवा गाडीचा नंबर नसावेत.

दसऱ्याला पूजेसाठी शस्त्र बाहेर काढताना ते सगळ्यांसमोर रिकामं करून दाखवावं आणि आरती संपताच परत कुलपात जावं. सहलीला किंवा गावी जाताना शस्त्र मोकळ्या घरात सोडू नये. आणि परवानाधारक वारला की पहिल्या काही दिवसांतच शस्त्र जमा करावं. वडिलांची आठवण म्हणून ट्रंकेत राहिलेलं पिस्तूल वारसाच्या हाती परवान्याविना असतं, आणि तो गुन्हा आहे. वारसाने रीतसर अर्ज करावा आणि परवाना येईपर्यंत ते पोलिसांकडे किंवा विक्रेत्याकडे असू द्यावं.

कपाट बघायला कोण येणार?

डिसेंबर २०२४मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येनंतर बीड जिल्ह्यातले बाराशेहून अधिक परवाने एकाएकी चर्चेत आले. किती जणांना गरज नसताना शस्त्र मिळालं, याची छाननी झाली आणि बरेच परवाने रद्द झाले. ती छाननी हवीच होती. पण ज्यांचे परवाने टिकले त्यांच्या घरी शस्त्र कुठे असतं, हे कोणी विचारलं?

ब्रिटनमध्ये प्रमाणपत्र देण्याआधी पोलीस घरी येतात आणि बंदुकीचं कपाट बघतात. जपानमध्ये बंदूक आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलपांत ठेवावी लागतात आणि घरात ती कुठे आहेत हे पोलिसांना कळवावं लागतं. आपल्याला यासाठी नवा कायदा नको. हमी आधीच घेतली जाते. बीट अंमलदाराने परवाना देताना आणि पाच वर्षांनी नूतनीकरणाच्या वेळी घरी जाऊन ती खरी आहे का एवढं बघावं. ठोकलेली पेटी नसेल तर परवाना नाही. आणि निवडणुकीत जशी शस्त्रं जमा होतात, तशी घरातल्या वाईट काळात कोणतीही चौकशी न लावता, कोणताही डाग न लागता जमा करून घेण्याची सोय प्रत्येक पोलीस ठाण्यात असावी. बायकोने, आईने, मुलाने येऊन सांगितलं तरी त्या शब्दाला वजन असावं.

तोवर जबाबदारी परवानाधारकाची. शस्त्र घेताना त्याने सरकारला धोका दाखवला होता. आता घरच्यांना कुलूप दाखवावं. घरातल्या प्रत्येकाने त्याला विचारावं की ते भरलेलं आहे का, आणि किल्ली कोणाकडे आहे. ज्याला या दोन प्रश्नांची उत्तरं ताडकन देता येत नाहीत, त्याने शस्त्र उद्याच जमा करावं. त्यात कमीपणा नाही. घरच्यांचा जीव राखणं हेच ते घेण्याचं कारण होतं, आणि ते कारण शस्त्र परत करूनही पाळता येतं.